भिवानं सांडलेलं पाणी

एकाहत्तरच्या मे महिन्यात आमची स्क्वाड्रन फायरिंगसाठी नगरला आली. मी लान्स दफेदार, टँकचा गनर. गाव देवळाली प्रवरा, म्हणजे घर अगदी जवळ. पण घरी जायचीही लाज वाटत होती. मला लघवी धरवत नव्हती. कळ आली की आली. संडासाच्या दारापर्यंत पोचेतो पँट ओली. वय सव्वीस! म्हातारपणाचं दुखणं जवानाला, हे सांगणार कुणाला? एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, गेलो असतो तर मेडिकल कॅटेगरी उतरली असती, टँक सुटला असता आणि मी स्टोअरमध्ये ब्लँकेटं मोजत बसलो असतो.

मग मी माझं डोकं चालवलं. पाणी बंद! सकाळी मगभर चहा, मग दिवसभर घोट नाही. टँकमध्ये अडकून पडलो तर तोफगोळ्याच्या रिकाम्या पितळी नळकांड्यात मुतायचं, ही टँकवाल्यांची रीत. त्यात कुणाला काही वाटत नाही. पण फायरिंग चालू असताना गनरचा डोळा नेम धरायच्या साइटवर, हात ट्रिगरवर. तो कुठला उठतोय?

त्या दिवशी हॅच, म्हणजे टँकची वरची झाकणं, बंद होती. आत नुसती भट्टी. कमांडर नायब रिसालदार साहेब माझ्या पाठीशी, गोळे भरणारा लोडर सवार भिवा बांडे तोफेच्या पलीकडे. भिवा भंडारदऱ्याकडच्या एका वाडीतला, लई बडबड्या.

"लोडेड!" भिवा ओरडला.

"फायर!"

गोळा सुटला, टँक हादरला आणि माझंही सुटलं. वास तर विचारूच नका. मी साइटवरून डोळा काढला नाही. मेलो असतो तर बरं, असं वाटत होतं.

वायरलेसवर "सीज फायर" आलं. साहेब हॅच उघडून वर गेले. भिवानं तोफेमागून वाकून पाहिलं, त्याला कळलं. त्यानं पाण्याचा कॅन उचलला आणि माझ्या मांडीवर, सीटवर, खाली, सगळा ओतला. अख्ख्या क्रूचं पाणी.

"पानी किसने गिराया?" साहेब वरून गरजले.

"मैंने, साब. हाथ से छूटा."

पाठीवर भरलेला पिठ्ठू लादून भिवाला त्या उन्हात मैदानाभोवती पळवलं. मी ओल्या पँटीत सावलीला उभा होतो.

संध्याकाळी तो म्हणाला, "दफेदार, आता तुमी डॉक्टरकडं जा. मला परत पळायचं न्हाई."

गेलो. कॅप्टन डॉक्टरांनी लघवी तपासली. साखर नाही, जंतू नाही. पाणी तोडल्याचं ऐकून मात्र भडकले. "अरे शहाण्या, लघवी दाट झाली की पिशवी आणखी चिडते! पाणी थोडं थोडं पीत राहा, चहा तोड." गोळ्या दिल्या, त्यांनी तोंडाला कोरड पडायची. आणि एक ड्रिल दिली. कळ आली की धावायचं नाही; जागीच थांबून खालचे स्नायू आवळायचे, कळ ओसरली की चालत जायचं. एरवी घड्याळ बघून जायचं आणि मधलं अंतर हळूहळू वाढवायचं. मी असा थबकलो की भिवा लांबून "सावधान!" ओरडायचा आणि खो खो हसायचा. पावसाळा सरेतो मी बरा झालो. टँक सुटला नाही.

डिसेंबरच्या लढाईत भिवा गेला. टँकला गोळा लागला तो त्याच्या बाजूनं.

पुढं सुट्टीत मी त्याच्या वाडीला गेलो. वडील ओट्यावर बसले होते. "कसा हुता आमचा पोरगा?" त्यांनी विचारलं. शूर होता, एवढं बोलून उठता आलं असतं. मी मान खाली घालून सगळं सांगितलं, पँटीसकट.

म्हातारा म्हणाला, "ल्हानपनी त्यो आन् त्याचा धाकला भाऊ एकाच घोंगडीवर निजायचे. सकाळी घोंगडी वली. भिवा म्हनायचा, माझ्याकडनं तांब्या लवंडला. धांदरट म्हनून लई बडवला मी त्याला."

धाकटा दारातच उभा होता. चांगला मिशीवाला गडी. पण वर बघेना.

"व्हय रं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"व्हय, आबा."

म्हातारा आपल्या हातांकडं बघत बसला.