मोह, पान, धान

चांद्याच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, तेव्हा आमचे डॉक्टर म्हातारपणच्या विसरण्यावर औषध शोधत होते. पंधरा वर्षं! औषध देऊन रोग्याला दर वेळी मोहफूल, तेंदूपान, धानाची लोंबी दाखवून झाकायचे आणि विचारायचे, "काय होतं?" उत्तर चुकलं की म्हणायचे, "बघू या!"

एकदा कुरखेड्याच्या म्हातारीनं तिन्ही सांगितली. डॉक्टर टेबलाभोवती चक्क नाचले, मीही नाचलो! आम्ही दोघं बाहेर आलो, तर तिचा नवरा तिला पुढच्या खेपेसाठी पढवत होता, "मोह, पान, धान."

"काऊन पढवता, भाऊ?" मी विचारलं.

तो डॉक्टरांकडे बघत म्हणाला, "सायेब, तुमी लय मेहनत करून राह्यले. तुमाले बरं वाटावं म्हनून."

म्हातारीनं मला विचारलं, "हा बुढा कोन हाय?"

त्यानंतर डॉक्टर दर खेपेला वस्तू बदलू लागले. तिन्ही पुन्हा कुणालाच सांगता आल्या नाहीत.