देव्हाऱ्यातला रंधा

रंधा माझ्या पायावर पडला आणि मायलेक दोघंही रंध्याकडे धावले.

एका टोकाला आई ओढत होती, दुसऱ्या टोकाला मुलगा. मधे मी, कारण दुकान माझं. दोघांनी एकदमच सोडला. लोखंडी रंधा बिडाचा असतो, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडाचा. फरशीवर आपटला तर मडक्यासारखा फुटतो. माझा अंगठा मधे आला म्हणून हा वाचला.

"लागलं काय गो?" भागीरथीकाकूने विचारलं.

मी पाय पुढे केला.

"तुला नाय. ह्यांना."

ह्यांना म्हणजे रंध्याला. रंधा तिच्या नवऱ्याचा. नवरा मुंबईच्या गोदीत सुतार होता. तिथून त्याने हा रंधा आणला आणि तो वारल्यावर काकूने तो देव्हाऱ्यात ठेवला. खंडेनवमीला आमच्याकडे सगळेच हत्यारांची पूजा करतात. हळदकुंकू लावायचं, फूल वाहायचं, एक दिवस हत्याराला हात लावायचा नाही. काकूचं मात्र तेवढ्यावर भागत नसे. ती रंध्याला दूध, दही, वर नारळाचं पाणी घाली, आणि पुसला तर अपमान होईल म्हणून तसाच ठेवी. दरवर्षी. लोखंडाच्या भांड्यात दही लावून बघा काय होतं ते.

रेवदंड्याला माझं हत्यारांना धार लावायचं दुकान होतं. नवऱ्यामागे मीच चालवलं. चौथीपर्यंत शिकले होते. धारेचा दगड त्याहून जास्त काही विचारत नाही. देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली असतील. अलिबागला नवा दवाखाना बांधत होते. दारं-खिडक्या सगळ्या सागवानी. कॉन्ट्रॅक्टरचा मुकादम सोमवारी सुतारांची टेस्ट घेणार होता. अट एकच, लोखंडी रंधा स्वतःचा हवा. लाकडी रंध्यात पाचर ठोकून पातं बसवतात, दमट हवेत ते सारखं हलतं. लोखंडीला मागे स्क्रू असतो. फिरवला की पातं केसभर वर, केसभर खाली. फिनिशिंग एकसारखं येतं.

काकूचा गजा चांगला सुतार. त्याच्याकडे रंधा लाकडीच. म्हणून त्याने देव्हाऱ्यातला उचलून माझ्याकडे आणला आणि विचारलं, आक्का, हा चालेल का? काम नाही मिळालं तर रेवसहून लाँच धरून मुंबईला जातो, मामाने गिरणीत शब्द टाकलाय. आईला यातलं काही सांगू नको.

आई मागोमाग आलीच. मग ओढाओढ, मग माझा अंगठा.

पाय पाण्यात बुडवून मी कामाला बसले. जुना रंधा बघताना तीन गोष्टी बघायच्या. पहिला सांगाडा. दोरीला टांगून टिचकी मारायची. घंटेसारखा वाजला तर अखंड, खोकल्यासारखा वाजला तर आत तडा. हा वाजला. दुसरा तळ. गुण्याची धार तळावर उभी धरायची आणि उजेड कुठून येतो ते बघायचं. मधे उजेड होता, पण घासून जाण्याइतका. तिसरं पातं. पात्याच्या टोकाला कडक स्टीलचा तुकडा जोडलेला असतो, बाकी नरम लोखंड. दह्याने टोकाला खड्डे पाडले होते. तेवढं कापून टाकायचं, पण मागे स्टील उरलंय का? कानस फिरवली. कानस चावली तर नरम, घसरली तर स्टील.

"नाय म्हण," काकू माझ्या कानाशी बोलली. "चालणार नाय म्हण. तुला कोंबडी देते."

कानस घसरली. अजून बोटभर स्टील होतं.

कोंबडी चांगली होती, मला माहीत होती. पण मला खोटं जमत नाही, आणि गुपितही जमत नाही. मी दोन्ही एकदमच सांगून टाकलं. रंधा चालेल. मात्र तळ घासावा लागेल, कुंकू, हळद सगळं जाईल. आणि नाही घासला तर तुझा गजा सोमवारी मुंबईला चाललाय.

गजाने माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरा पायही मागे घेतला.  काकूचे दोन पुतणे गिरणीत गेले होते, ते आता फक्त गणपतीला दिसत. तिने पदर खोचला.

"कुठं घासायचा?"

मी दाराची शहाबादी फरशी दाखवली, ती सरळ होती. त्यावर बारीक वाळू आणि रॉकेल टाकलं. गजा पुढे झाला तर तिने त्याला कोपराने ढकललं. मग दोन्ही हातांनी रंधा धरला आणि मसाला वाटावा तसा मागेपुढे ओढायला लागली. नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नाही, त्या दिवशीही नाही.

"अहो," ती रंध्याला म्हणाली, "इतकी वर्सं बसून दूध-दही खाल्लंत. आता कामाला लागा."

दुपारभर ती घासत होती आणि बोलत होती. गोदीतून उशिरा पैसे पाठवल्याचं, एका शिमग्याला आलाच नाही त्याचं. मी आणि गजा पात्याचं टोक कापत होतो आणि ऐकू येत नाही असं दाखवत होतो. संध्याकाळी मी गुण्या धरला. उजेड कुठूनही येत नव्हता. इतका सरळ तळ मला स्वतःला कधी जमला नव्हता.

सोमवारी मुकादमाने गजाला फळी दिली. रंध्यातून निघालेला लाकडाचा पातळ सालपा त्याने डोळ्यापुढे धरून आरपार बघितलं आणि नाव लिहून घेतलं. दवाखान्यानंतर दुसरी कामं मिळाली. गजा मुंबईला गेला तो फक्त सागवान आणायला.

पुढच्या खंडेनवमीला काकूने रंध्याला कोरडं हळदकुंकू आणि मशीनचं तेल लावलं. मला कोंबडी मात्र दिली नाही.

जुनं हत्यार घेऊन लोक यायचे तेव्हा मी आधी विचारायचे, हे वापरात होतं की मानात? वापरातलं बहुतेक दुरुस्त होतं. मानातल्याची खात्री देता येत नाही.

काकू म्हातारी होऊन गेली. गजा तिच्यामागे काही वर्षांनी गेला. रंध्याचं पातं घासून संपलं, आता गजाची सून त्या रंध्याने दार अडवून ठेवते. मी आहे.