सारवलेला पट्टा
ताज्या सारवणाचा वास आला की मला घनसावंगीचं ते विज्ञान प्रदर्शन आठवतं. मी अकरावीत होते आणि तीर्थपुरीहून जीपमध्ये माझी रोबो-गाडी मांडीवर घेऊन गेले होते. टेपरेकॉर्डरच्या दोन जुन्या मोटारी, बाटल्यांच्या झाकणांची चाकं आणि आतेभावानं परदेशातून आणलेला आलेख काढणारा कॅल्क्युलेटर. त्यावर आकडा दाबला की तारेतून हुकूम जाई आणि गाडी चाले. घरी ती सरळ जायची. तिथल्या गुळगुळीत फरशीवर मात्र एक चाक घसरायला लागलं आणि गाडी जागीच गोल फिरू लागली. "घरी बराबर चालत व्हती, सर," मी म्हणाले. "घरचं घरी. इथं गरगर फिरून राह्यलीय. उचल ती," म्हणून परीक्षक पुढे गेले. मी उचलली नाही. तारा तपासल्या, सेल बदलले आणि शेवटी फरशीवर हात फिरवला तेव्हा लक्षात आलं, की घरची जमीन सारवलेली, खरखरीत होती, म्हणून तिथं चाकं घसरत नव्हती. जेवणाच्या सुट्टीत मागच्या गोठ्यातून शेण आणलं आणि टेबलापासून दारापर्यंत हातभर रुंद पट्टा सारवला. पंख्याखाली तो वाळेपर्यंत लोक नाक धरून जात होते. "फरशी खराब केलीस, पूस आधी," सुट्टीनंतर परत आलेले परीक्षक म्हणाले. "पुसते सर, पण आधी बघा." मी आकडा दाबला आणि गाडी सरळ दारापर्यंत गेली. बक्षीस मिळालं नाही, फरशीही मलाच पुसावी लागली. आज मी काम करते त्या कारखान्यात यंत्र अडलं आणि लोक बनवणाऱ्याला नावं ठेवायला लागले, की मी कुणाचं न ऐकता आधी खाली बसते आणि जमिनीवर हात फिरवते.