लहान पाऊल, लवकर पाऊल

“लहान पाऊल, लवकर पाऊल!” असं स्वतःलाच दटावत ती फुलचूरच्या रस्त्याने धावायची. आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, पुढे एखादं शेळीचं पिल्लू पळतंय आणि ही त्याला हाकतेय. पुढे कोणी नसायचं. सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर तुम्हीही तिला पाहिलं असेल, आणि हसलाही असाल. मीही हसलो होतो.

ती केशोरीकडची. आमच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहायची, दिवसभर औषधाच्या दुकानात उभी असायची आणि उजाडताच पोलीस भरतीसाठी धावायची. लेखी परीक्षेची तिला भीती नव्हती. दोनदा अडकली ती आठशे मीटरवर, आणि दोन्ही वेळा थोडक्यात. यंदा तिची वयाची मर्यादा संपत होती. “यंदा नाही तर कधीच नाही, काका,” हे ती दूध संपलं सांगावं तसं सांगायची. बापाने गावाकडे तिला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना लग्नासाठी हो म्हणून ठेवलं होतं, तेही त्याच सुरात.

पोरगी उंच. लहानपणी शाळेत जाताना धानाच्या शेतात धुऱ्यावरून या बांधीतून त्या बांधीत उड्या मारायची सवय, तीच धावण्यात उतरली होती. प्रत्येक पाऊल लांब फेकायची. टाच धाडकन पुढे आपटायची आणि तिथेच अंगाला खीळ बसायची. हे तिला मोबाईलवरच्या एका व्हिडिओत कळलं. पाय अंगाच्या खाली पडला पाहिजे आणि पटापट पडला पाहिजे, एवढीच गोष्ट. पण इतक्या वर्षांचं पाऊल बदलायचं कसं? मोबाईलची टिकटिक लावून पाहिली. “कानातच राहते, काका. पायापर्यंत येतच नाही.”

मग कोणीतरी तिला सांगितलं की शेजारचा हा म्हातारा दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रांत दंडारीच्या नाचगाण्याला ढोलकी वाजवायचा. आली दारात.

“काका, ढोलकी वाजवता का?”

“कायले? कोणाची दंडार आहे?”

“माह्या पायाची.”

अशी पोट्टी! नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी नाल्याच्या पुलावर कठड्याला टेकून बसलो आणि थाप दिली. ती माझ्यासमोरून जायची, पुढच्या वळणावरून परत यायची. एका थापेला एक पाऊल. थोडं धावायचं, थोडं चालायचं, पुन्हा धावायचं. सात-आठ दिवसांनी मी लय जराशी चढवायचो. एकदम चढवली की तिचे पाय गोंधळायचे आणि श्वास आधी संपायचा.

पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. दंडारवाल्याचा हात तो, सरळ ठेक्यावर किती वेळ राहणार? रंगात आलो आणि मध्येच एक झकास तोडा मारला. तिचा पाय पायात अडकला, कंबर वळली, आणि बाई थेट बेशरमच्या झुडपात. पाला झटकत उठली.

“काका, मी नाचून नाही राहिली, धावून राहिली!”

त्यानंतर मी तोडा मारला नाही. हात शिवशिवायचा, पण नाही मारला. फिरायला येणारे विचारायचे, “काका, सुबह सुबह किसकी बारात?” मी म्हणायचो, “चालते व्हा, इथं काम चालू आहे.”

खरं सांगतो, त्या दिवसांत मी फुगलो होतो. दंडार सुटल्यापासून माझ्या ढोलकीची वाट कोणी पाहत नव्हतं. आता एका पोरीचं नशीब माझ्या थापेवर चाललंय, असं मला वाटायचं. तिचं पाऊल आखूड झालं, टाचेचा तो धाडकन आवाज गेला, शेवटपर्यंत तिची लय मोडेनाशी झाली. चहाच्या टपरीवर मी सांगायचो, पोरगी धावत नाही, माझी ढोलकी धावते.

भरतीच्या दिवशी मी ढोलकी घेऊन मैदानाच्या फाटकाशी गेलो. शिपायाने पिशवीकडे पाहिलं. “काका, इथं कार्यक्रम नाही.” बाहेर भिंतीशी उभा राहिलो. आत शिट्टी वाजली. थाप नाही, आता ही पुन्हा लांब टांगा टाकणार, पुन्हा थोडक्यात जाणार, आणि मग गावाकडचे ते पाहुणे. मांडीवर बोटं वाजवत राहिलो. कोणाला ऐकू जाणार होती ती थाप?

ती बाहेर आली तेव्हा घामाने चिंब होती. “झालं,” एवढंच म्हणाली. पुढे लेखीही झाली, यादी लागली, यादीत ती होती. पाहुणे परत गेले. मी पेढे वाटले, ढोलकीच्या नावाने.

प्रशिक्षणाला निघाली तेव्हा स्टँडवर सोडायला गेलो. बस लागलेली होती. गमतीने म्हणालो, “तिथं ढोलकी कोण वाजवीन तुह्यासाठी?”

ती हसली नाही. “काका, एक सांगू? रागावू नका.”

“बोल.”

“थंडी पडली ना, तवापासून रोज शेवटी शेवटी तुमचा हात मंद पडून राहिला होता. मी ढोलकीच्या पुढंच धावत होती.”

मी माझ्या मनगटाकडे पाहिलं. सकाळी ते आखडतं, हे मला ठाऊक होतं. थापेत उतरलंय, हे ठाऊक नव्हतं.

“मंग सांगितलं काऊन नाही?”

“तुम्ही यायचं बंद केलं असतं.” तिने बॅग खांद्यावर घेतली. “अन् मले तुम्ही तिथं बसलेले पाहिजे होते.”

आधी वाईट वाटलं. मग फार बरं वाटलं. यंदा नाही तर कधीच नाही म्हणणारी ही पोरगी, चुकणाऱ्या थापेवर आपली लय सांभाळत धावली आणि मला कळूही दिलं नाही. घंटी वाजली. ती चढली, खिडकीतून हात केला, बस वळून गेली.

मी तिथेच उभा होतो. पानटपरीवाल्याने विचारलं, “काका, बेटी गई?”

“गई,” मी म्हणालो.