पोळ्याचे बैल आणि विहिरीची बाटली

पोळ्याच्या आठवड्यात खेड्यात पाण्याचं शिबिर घेऊ नये, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. मुलं बैलांमागे असतात, शाळा रिकामी असते. तरी मी निघाले, कारण भोकरदनच्या पुढच्या एका गावातल्या शिक्षिका, शिंदेबाई, यांचा निरोप होता: "याच दिवसांत या. आमच्याकडे गावचे सगळे बैल बंधाऱ्यात धुतात आणि बंधाऱ्याच्या खालीच पिण्याची विहीर आहे. नंतर येऊन काय उपयोग?" गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असं पाणी पुष्कळ गावांत आहे, नाव एकाचंच खराब व्हायला नको.

जालन्याहून भोकरदनची एसटी शक्यतो सकाळची धरा. राजूरला गणपतीचे भाविक उतरतात, मग बसायला नीट जागा मिळते. मी मात्र जागा मिळूनही आखडूनच बसले होते, कारण मांडीवर पाणी तपासायच्या काचेच्या बाटल्या होत्या. या बाटलीत औषध असतं. पाणी भरलं की ते पिवळसर दिसतं; तसंच एक-दोन दिवस ठेवायचं. घाणीतले जंतू असतील तर ते काळं पडतं. मुलांना शब्दांपेक्षा हे लवकर पटतं, आणि खर्चही फार नाही. भोकरदनला गाडी बदलायची. पुढे फाट्यावर उतरून गावापर्यंत चालावं लागतं. दोन्ही बाजूंना कपाशी, मध्ये मक्याचे तुकडे. पावसाळ्यात चप्पल हातात घ्यायची तयारी ठेवा.

शाळेच्या अंगणात मुलांनी ओल्या मातीचं गाव केलं. डोंगर, ओढा, बंधारा. विहिरीच्या जागी तळाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा पेला. पोळ्यासाठी केलेले मातीचे बैल घरून आलेच होते. सातवीतल्या सविताने ते बंधाऱ्याशी उभे केले आणि त्यांच्या पायाशी कपड्यांची नीळ टाकली. झारीने डोंगरावर पाऊस पाडला तेव्हा माथ्यावरून पाणी दोन बाजूंना फुटलं.

"हे आपलं पाणी, ते पलीकडच्या गावाचं," एकजण म्हणाला. पाणलोट म्हणजे काय, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही. मग पेल्यात निळं पाणी चढायला लागलं.

"मॅडम, आमी हेच पितो की," सविता म्हणाली.

सरपंच बापू कधीचे मागे उभे होते. "मातीत कुठलंबी पाणी कुठंबी जातंय, ताई. खऱ्या विहिरीचं सांगा."

मी बाटली दाखवली. बापूंनी ती उन्हात धरून पाहिली. "ही काळी पडली तर यंदा खांदमळणीला एकबी बैल बंधाऱ्यात उतरणार न्हाई. विहिरीच्या खालच्या ओढ्यावर नेऊ. न्हाई पडली, तर मंग तुमी काही बोलायचं न्हाई. बराबर?"

"बराबर," मी म्हणाले खरं. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. शिकवताना एक गोष्ट चुकली तर शिक्षणच खोटं पडेल, असं मला अजून वाटतं.

त्याच दुपारी मुलांनी एक बाटली विहिरीच्या पाण्याने भरली, एक बंधाऱ्याच्या. दुसरा दिवस मुलांबरोबर विहिरीपासून थेट माथ्यापर्यंत चढण्यात गेला. वाटेतला प्रत्येक उकिरडा मुलांनी चुन्याने खुणावला. स्वतःच्या घरचाही सोडला नाही. संध्याकाळी शिंदेबाईंकडे बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. जेवण उत्तम होतं, मला मात्र गेलं नाही.

खांदमळणीच्या दिवशी सकाळी बाटल्या बाहेर काढल्या. बैलांचे खांदे मळून त्यांना धुवायचा हा पोळ्याच्या आदला दिवस, म्हणून अंगणात पालकही जमले होते. बंधाऱ्याची बाटली काळीकुट्ट. विहिरीची जशीच्या तशी, पिवळसर.

"काळी आहे तेवढीच पुढे करा," शिंदेबाई हळूच म्हणाल्या.

तसं करता आलं असतं. पण मुलांनी दोन्ही बाटल्या स्वतः भरल्या होत्या. "विहिरीची काळी पडली नाही," मी म्हणाले. "बापू, तुम्ही जिंकलात."

बापू उठायला लागले, तेवढ्यात सविता म्हणाली, "पन मॅडम, परवापासून पाण्याला पावडरीचा वास येऊन राह्यलाय."

सगळ्यांनी ग्रामपंचायतीच्या नामदेवमामांकडे पाहिलं. विहिरीत जंतुनाशक पावडर टाकायचं काम त्यांचं.

"येनारच की," मामा अभिमानाने म्हणाले. "जालन्याहून मॅडम येनार म्हून डबल टाकली. पाव्हणा यायचा म्हनल्यावर विहीर काय तशीच ठिवायची?"

"आन् एरवी?" बापूंनी विचारलं.

"एरवी पावडर आली की टाकतो."

आधी बायका हसल्या, मग सगळे. बापू शेवटी हसले. "नामदेवा, तू माझ्याच बाजूनं खेळलास की. हा डाव धरायचा न्हाई." त्यांनी टोपी झटकली. "माझे बैल खाली नेतो. बाकीच्यांचं त्यांची पोरं बघतील."

पोरं तोवर पळाली होती. बंधाऱ्याच्या वळणावर बैल सवयीने आतच वळत होते, आणि मुलं हात पसरून आडवी उभी होती.

"सातवी शिकली आन् बैलाला रस्ता शिकवायली," सविताचे आजोबा म्हणाले.

"बैल शिकला, आजोबा. आता तुमीच ऱ्हायले."

सगळे बैल खाली गेले, असं मी लिहिणार नाही. दुपारी निघाले तेव्हा दोन-तीन जोड्या बंधाऱ्यात होत्या. बापूंची पांढरी जोडी मात्र खालच्या ओढ्यात उभी होती.

तुम्ही असं शिबिर घेणार असाल तर एवढंच: बाटली भरायच्या आधी विचारा, पाण्यात पावडर शेवटची कधी पडली.

पुढे शिंदेबाई कामानिमित्त जालन्याला आल्या. गावातली पावडर संपली त्या दिवसांत मुलांनी विहिरीच्या दोन बाटल्या भरल्या होत्या. दोन्ही काळ्या पडल्या. एक बापूंनी पंचायतीच्या खिडकीत ठेवली आहे. खालून येताना दिसते म्हणे. पावडर आता न चुकता येते, आणि वास आला नाही की सविता मामांना विचारायला जाते. दुसरी बाटली बाईंनी मला आणून दिली.

घरी आईने ती पदराने धरून फिरवून पाहिली. तिला अक्षर येत नाही. माझ्या कामाबद्दल तिने आजवर फक्त जेवलीस का, एवढंच विचारलं आहे. तिने बाटली खाली ठेवली, माझ्या पिशवीतून एक कोरी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"आपल्या नळाचं भर एक."

भरली. स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवली आहे. आई आल्यागेल्याला सांगते, हात लावू नका.