झिंकची गोळी, उपाशीपोटी

आमची म्हैस वर्षभर माजावर येईना, तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, जनावरांच्या डॉक्टरला गोठ्यात आणलं होतं. त्यानं खनिज मिश्रणाची पिशवी दिली. रोज मूठभर पेंडीत कालवून मीच घालायचे. माझी पाळी तेव्हा चार-चार महिने यायची नाही, हनुवटीवर केस आले होते, लग्नाला सात वर्षं झाली होती. मला कुणी कुठं नेलं नाही. मीही "न्या" म्हणाले नाही. त्या म्हशीवर मी जळायचे, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

पुढं बऱ्याच वर्षांनी धाकटी जाऊ आली. तिचीही पाळी तशीच. पण दिरानं तिला पहिल्याच वर्षी सोलापूरला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. पीसीओडी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. माझ्या दुखण्याला नाव आहे, हे मला तिच्या कागदावरून कळलं.

दुसऱ्या खेपेला दीर सोयाबीनच्या काढणीत अडकला, म्हणून तिच्याबरोबर मी गेले. ती दवाखान्यात रक्त द्यायला बसली होती, औषधं मी आणली. दुकानदारानं सांगितलं, "ही मॅग्नेशियमची, रात्री. ही झिंकची. जेवल्यावरच द्या बरं का, उपाशीपोटी लई मळमळतं."

एसटीत तिनं विचारलं, "आक्का, कोणती कधी घ्यायची?"

"झिंकची सकाळी उठल्या उठल्या," मी म्हणाले. खिडकीबाहेर बघत म्हणाले. तिला थोडा तरी त्रास व्हावा, एवढंच मनात होतं.

चार दिवसांनी घट बसले. तिचे नऊ दिवसांचे उपवास. पहाटे कोऱ्या पोटी गोळी, आणि तिसऱ्या दिवसापासून मोरीत ओकाऱ्या. आत्याबाईंचा चेहरा फुलला.

"अगं, लक्षण कळंना व्हय तुला?" त्या मला म्हणाल्या, आणि लगेच, "तुला कसं कळावं म्हणा."

तेवढ्या एका वाक्यानं मी गप्प राहिले. आत्याबाईंनी घटासमोर तिची ओटी भरली. खण त्यांनी घातला, नारळ मी हातात दिला. गल्लीतल्या बायका तिला चिंचा आणून देऊ लागल्या. मी भगर शिजवत चुलीपाशी बसले होते, आणि खोटं आहे हे ठाऊक असूनही तिच्या पुढ्यातल्या चिंचा मोजत होते.

आठव्या माळेला तिला पाळी आली. अगदी वेळेवर. ज्यासाठी औषध होतं तेच झालं होतं, आणि ती घट बसलेल्या घरापासून लांब, बाहेरच्या खोलीत बाजूला बसून रडत होती. आत्याबाई दाराशी म्हणाल्या, "गल्लीभर हसं केलंस की गं."

त्या गोळ्या तिनं उकिरड्यावर टाकल्या. सोलापूरचं नाव काढू देईना. कागद माझ्या ट्रंकेत राहिला. दोन वर्षांत तिची पाळी पुन्हा पहिल्यासारखी चुकायला लागली.

गेल्या महिन्यात गोठ्यात पेंड कालवताना ती सहज म्हणाली, "आक्का, मला औषधच सोसत न्हाय. माझंच अंग वाईट." मग मला राहवेना. दुकानदार काय म्हणाला होता, मी काय सांगितलं, सगळं सांगितलं.

तिनं पेंडीतला हात काढला नाही. बराच वेळ कालवत राहिली. मग विचारलं, "ओटीचा नारळ तुम्हीच दिला होता ना?"

"व्हय."

"तवा तरी सांगायचं, आक्का."

हात धुऊन तिनं कागद मागितला. दुसऱ्या दिवशी दिराबरोबर सोलापूरला गेली. नव्या गोळ्या आता तिच्या खोलीत असतात. ती दुपारी जेवते, मग माझ्याकडं न बघता झिंकची गोळी घेते.

मला वाईट वाटतं, खरं आहे. पण लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते: माझी तशी ओटी कुणी चुकूनसुद्धा भरली नाही. गोळी गिळताना तिला बघते, तेव्हा अजूनही आधी तेच आठवतं.