सात पुरांचा महायोद्धा

तुम्ही मला मूर्ख समजत असाल, तर ते कमीच आहे. आधी ऐका, मग नवीन शब्द शोधा.

मागच्या महिन्यात माझा मोठा भाऊ गेला. संदीपदादा. सातपूरला कंपनीत फिटर होता. सकाळी ड्यूटीला निघाला, वाटेत अपघात झाला, संपलं. त्यावर मी काही बोलणार नाही. मी सांगतोय त्याच्या दहाव्याचं.

आमच्याकडे दहाव्याला गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, भाषण लागतं, आणि भाषणाला शेजारचे नाना लागतात. नानांचं भाषण एकच. "मनमिळाऊ, कष्टाळू, परोपकारी." फक्त नाव बदलायचं. गल्लीतला एक महाभांडखोर म्हातारा गेला, त्यालाही त्यांनी मनमिळाऊ करून टाकलं! म्हटलं, माझ्या दादाला हे उष्टं भाषण नको. त्याच्यासाठी खास काहीतरी पाहिजे.

आदल्या दिवशी त्याची ट्रंक उघडली. तळाशी दोनशे पानी वही. दादाचं मोत्यासारखं अक्षर. पहिल्या पानावर, ‘सात पुरांचा खरा इतिहास आणि आपल्या घरातला महायोद्धा’.

बस! महायोद्धा म्हणजे दादाच. गुपचूप आत्मचरित्र लिहून ठेवलं पठ्ठ्याने! पुढचं वाचलं का? मी? सातवीत दोनदा बसलेला माणूस दोनशे पानं वाचतो होय? वही थेट नानांच्या हातात दिली.

"नाना, उद्या हेच वाचायचं. एक अक्षर बदलायचं नाही."

नानांनी तरी आधी चाळावी ना! तेही माझेच गुरू.

दुसऱ्या दिवशी मी वस्ताऱ्याखाली बसलेलो, अर्धं डोकं साफ झालेलं, आणि नानांनी माईक हातात घेतला.

"फार वर्षांपूर्वी इथे सात पुरं होती, म्हणून सातपूर! या पुरांचं रक्षण एका महायोद्ध्याने केलं."

लोक सावरून बसले. मी खूश.

"कोणतीही भिंत त्याला अडवू शकत नसे. शत्रूच्या गोटात शिरून तो सात भाकरी एका दमात फस्त करी!"

चांदवडचे मामा शेजारच्याला म्हणाले, "संदीप तर दोनमधीच आडवा व्हायचा. सात कधी खाल्ल्या त्यानं?"

"गप ना मामा, इतिहास हाय तो!" शेजारचा म्हणाला.

"त्याने राक्षसाच्या सिंहासनाखाली फटाका लावला!" एव्हाना नानाही पुढची पानं चाळून बघायला लागले होते. पण माईक हातात असताना थांबतील ते नाना कसले?

मी उठायला गेलो. न्हावीदादा खेकसले, "हलू नको, कान जाईल!"

"राक्षसाने त्याला ठार केलं. पण पुढच्या अंकात तो परत आला! असा तो नऊ वेळा मेला आणि नऊ वेळा परत आला. क्रमशः!"

आईने माझ्याकडे बघितलं.

"क्रमशः म्हणजे काय रे? येतो का तो?"

द्या, तुम्ही द्या उत्तर.

नानांनी घाईघाईने सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं आणि माईक सोडला. तेवढ्यात पक्या माझ्यावर धावून आला. पक्या म्हणजे दादाचा शाळेपासूनचा दोस्त.

"येड्या, हे कुठून काढलंस? आमचं कॉमिक होतं ते, आठवीतलं! गोष्ट संदीपची, चित्रं माझी."

"मग चित्रं कुठायत?"

"तूच फाडून पतंगांना चिकटवलीस! तू पुस्तकाला हात लावत नव्हतास. निदान हे तरी वाचशील, म्हणून लिहायचा तो."

"बरं, पण महायोद्धा दादाच ना?"

पक्याने कपाळावर हात मारला. "शाळेच्या भिंतीवरून उड्या मारून पळायचं कोण? शेजाऱ्यांच्या घरात घुसून भाकरी कोण हाणायचं? गुरुजींच्या खुर्चीखाली फटाका कोणी लावला?"

घ्या! म्हणजे आख्खी भावकी हात जोडून, मान खाली घालून उभी राहिली ती कोणासाठी? माझ्यासाठी! धडधाकट, अर्धा टकला, समोर बसलेला मी!

आणि दादा? त्याच्याबद्दल त्या दिवशी माईकवर कोणी अवाक्षर काढलं नाही. नाना बिचारे निदान ‘मनमिळाऊ’ तरी म्हणणार होते. तेही मीच बंद पाडलं.